घारापुरीची मोजणी आणि मेल्डॉर्फ गाव: एक खुलं पत्र

प्रति,
घारापुरीच्या लेण्यांवर मराठीत लिहिणारे लेखक आणि संपादक, बेटावर माहिती सांगणारे मार्गदर्शक, इतिहासाचे शिक्षक-प्राध्यापक, आणि महाराष्ट्रातून जर्मनीला सहली नेणारे संयोजक यांस

सप्रेम नमस्कार.

घारापुरीच्या मुख्य लेण्यात उभं राहून जी माहिती सांगितली जाते, तिचा क्रम आता ठरून गेला आहे. सहाव्या शतकातलं कोरीव काम, मग पोर्तुगीज, त्यांनी ठेवलेलं ‘एलिफंटा’ हे नाव, मूर्तींची मोडतोड, मग इंग्रज, आणि शेवटी १९८७ साली मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा. या क्रमात अठरावं शतक जवळजवळ पुरतं गळून जातं. इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टीबरोबर घेण्याआधी हे बेट मराठ्यांकडे होतं. त्याच काळात, पुण्यात माधवराव पेशवे कारभार पाहत असताना, एक मोजणीदार मुंबईहून तीन वेळा बेटावर गेला. त्याने लेणं मोजलं, आराखडा तयार केला, मूर्तींची चित्रं काढली. कार्स्टन नीबूर त्याचं नाव. साल १७६३-६४.

ही चित्रं कोपनहेगनला १७७८ मध्ये छापून निघाली. त्याच वर्षी नीबूर उत्तर जर्मनीतल्या मेल्डॉर्फ नावाच्या लहान गावी सरकारी नोकरीवर रुजू झाला, आणि पुढची सदतीस वर्षं तिथेच राहून २६ एप्रिल १८१५ रोजी तिथेच वारला. मराठीत घारापुरीवर लिहिताना नीबूर आलाच तर एका ओळीत येतो, ‘डॅनिश प्रवासी’ म्हणून. मेल्डॉर्फ येतच नाही. ही उपेक्षा आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

आमचा संबंध सरळ आहे. जुने नकाशे, मोजणीचे कागद आणि प्रवासाच्या नोंदी वाचणं हे आमचं काम. मूर्तीचा हात तुटला हे दगड दाखवतो, कधी तुटला हे दाखवत नाही. तारीख लिहिलेलं चित्र असेल तर ते कळण्याची वाट निघते. घारापुरीच्या बाबतीत अशी तारीख असलेली आणि मोजमापं घेऊन केलेली जुनी चित्रं फार थोडी आहेत. त्यांतली महत्त्वाची या माणसाची आहेत, आणि तो असा का घडला हे त्याचा मुलूख समजून घेतल्याशिवाय कळत नाही.

पहिली तक्रार: ओळख चुकीची दिली जाते

नीबूर डेन्मार्कचा नव्हता. त्याचा जन्म १७ मार्च १७३३ रोजी ल्यूडिंगवोर्थ या खेड्यात झाला. एल्बे नदीच्या मुखाजवळ, दक्षिण तीरावर हे खेडं आहे, आज ते कुक्सहाफन शहरात मोडतं. घर शेतकऱ्याचं, आईबाप लवकर गेले. त्याच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात मोजणी शिकण्याचं कारण दिलं आहे: त्या मुलखात एका जमिनीच्या क्षेत्रफळावरून खटला चालला, मोजायला माणूस बाहेरून बोलवावा लागला, आणि आपल्या भागात एकही मोजणीदार नाही याची त्याला लाज वाटली. पुढे ग्योटिंगनच्या विद्यापीठात टोबियास मायर या खगोलशास्त्रज्ञाकडे तो शिकला.

डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी मोहीम पाठवली, तिच्यात नीबूर मोजणीचं काम पाहत होता. म्हणजे राजा डॅनिश आणि माणूस जर्मन. ही मंडळी कोपनहेगनला बोटीवर चढली ४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतच्या लढाईच्या दहा दिवस आधी. मराठी वाचकाला हे साल एवढ्या एका वाक्याने कायमचं लक्षात राहील.

सहाजण निघाले होते. भाषातज्ज्ञ फॉन हाफेन मे १७६३ मध्ये येमेनमधल्या मोखा बंदरात वारला. लिनियसचा शिष्य असलेला निसर्गअभ्यासक पेटर फोर्सकोल जुलैमध्ये येमेनमध्येच यरीम इथे गेला. मोखाहून मुंबईला येताना चित्रकार बाउरेनफाइंड ऑगस्टअखेर समुद्रातच मरण पावला, आणि लगोलग नोकर बेर्गग्रेनही. वैद्य क्रामर मुंबईपर्यंत पोचला आणि फेब्रुवारी १७६४ मध्ये इथेच दगावला. उरला एकटा मोजणीदार.

हा तपशील घारापुरीसाठी फार महत्त्वाचा आहे. चित्रकार वाटेत गेल्यामुळे लेण्यातली चित्रं नीबूरला स्वतः काढावी लागली. त्यांत चित्रकाराचा सफाईदार हात नाही, मूर्ती जरा ताठ आणि अवघडलेल्या दिसतात. पाहणारा म्हणतो, चित्र बरं जमलेलं नाही. पण कसलेला चित्रकार तुटलेला हात मनाने पुरा करून टाकण्याची भीती असते. मोजणीदाराची सवय जे आहे तेवढंच कागदावर घेण्याची. ही चित्रं पाहताना ते ध्यानात ठेवायला हवं.

आणखी एक दुरुस्ती. कोणी उत्साहाने नीबूरला ‘घारापुरी पहिल्यांदा जगासमोर आणणारा’ म्हणू नये. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५३४ मध्ये लेणं पाहिलं होतं, आणि त्याची नोंद १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आली. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रोनेही १५३८ च्या सुमारास लेण्याविषयी लिहून ठेवलं. स्थानिक लोकांना तर लेणं कधी अनोळखी नव्हतंच. नीबूरचं मोठेपण पहिलेपणात नाही, मोजून ठेवण्यात आहे.

दुसरी तक्रार: गावाचं नावच गाळलं जातं

मेल्डॉर्फ हॅम्बुर्गच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर, डिथमार्शन नावाच्या मुलखात आहे. वस्ती सात हजारांच्या घरात. समोर उत्तर समुद्र. गाव वसलंय ते जुन्या वाळूच्या उंचवट्याच्या टोकाशी, आणि त्याच्या पायथ्यापासून सपाट, काळ्या चिकणमातीची खारभूमी सुरू होते. कोकणात खारबंदिस्ती पाहिलेल्या माणसाला हा मुलूख पटकन उमजेल: समुद्राकडे मातीचा बांध, आत गोड्या पाण्याचे चर, आणि बांधात ठेवलेली उघाडी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातलं पाणी समुद्रात जातं. माणसाने हात लावावा लागत नाही.

यात बिघाड कसा होतो तेही कोकणासारखंच. पश्चिमेचं वादळ दोन-तीन दिवस टिकलं तर समुद्र ओहोटीलाही पुरेसा खाली जात नाही. दारं मिटलेलीच राहतात, वरून पाऊस चालू असतो, आणि बांध शाबूत असूनही शेतं आतल्याच पाण्याने बुडतात. यावर उपाय म्हणून मेल्डॉर्फसमोरचा उपसागर १९७८ पर्यंत बांध घालून बंद केला गेला आणि आत पाणी साठवायला मोठी तळी ठेवली. दारं उघडेपर्यंत पाणी तिथे थांबतं. तिथल्या भाषेत या बंदिस्त जमिनीच्या नावातच ‘साठवण’ हा शब्द आहे.

अशा मुलखात मोजणी हा जगण्याचा भाग असे. त्या काळी ज्याची जितकी जमीन, त्याच्या वाट्याला बांधाची तितकी लांबी. जमीन वीतभर कमी-जास्त मोजली तर बांधाच्या वाट्यात फरक पडे, आणि एकाच्या वाट्याचा बांध कच्चा राहिला तर पाणी सगळ्यांच्या घरात. ‘जो बांध घालणार नाही त्याने जमीन सोडावी’ अशा अर्थाची म्हण या किनाऱ्यावर आजही सांगतात. नीबूरचं ल्यूडिंगवोर्थ एल्बेच्या त्या अंगाला आणि मेल्डॉर्फ या अंगाला, पण जमीन आणि रीत एकाच जातीची. क्षेत्रफळाच्या खटल्यावरून पोरगा मोजणी शिकायला का निघाला, आणि घारापुरीला आल्यावर त्याचा हात पहिल्यांदा मापाकडे का गेला, याचं उत्तर या चिकणमातीत आहे. आमच्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच.

मेल्डॉर्फला स्वतःचा मोठा इतिहास आहे. नवव्या शतकाच्या आरंभी, शार्लमेन या फ्रँक सम्राटाच्या काळाच्या आसपास, इथे चर्च उभं राहिलं आणि ते साऱ्या डिथमार्शनचं मूळ चर्च ठरलं. आजचं विटांचं सेंट योहानिस चर्च तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. लोक त्याला ‘डोम’ म्हणजे महाचर्च म्हणतात, पण इथे बिशपचं पीठ कधीच नव्हतं, हे सहलीत सांगताना चुकू नका. बाहेरचं बरंच वीटकाम एकोणिसाव्या शतकातलं आहे. त्यामुळे बाहेरून पाहून ‘फार जुनं वाटत नाही’ म्हणत माणसं आत न जाताच वळतात, आणि पाहण्यासारखं सगळं आतच आहे: १३०० च्या सुमारास घुमटाकार छतांवर रंगवलेल्या बायबलमधल्या आणि संतांच्या कथा, आणि १६०३ सालची कोरीव लाकडी जाळी. जुनी वीट ओळखायची तर हाताने माप घ्या. मध्ययुगातली वीट साधारण २८ सेंटिमीटर लांब आणि नऊच्या आसपास जाड असते, म्हणजे आजच्या विटेहून बरीच थोराड.

डिथमार्शनमध्ये मध्ययुगाच्या शेवटी राजा नव्हता, सरदारही नव्हते. शेतकऱ्यांच्या कुळांनी आपला कारभार आपणच चालवला, आणि १४४७ पासून अठ्ठेचाळीस जणांचं न्यायमंडळ त्याच्या शिरोभागी होतं. फेब्रुवारी १५०० मध्ये डेन्मार्कचा राजा हान्स आणि त्याचा भाऊ फ्रेडरिक मोठं सैन्य घेऊन आले, आघाडीला ‘काळी पलटण’ म्हणून ओळखली जाणारी भाडोत्री फौज. त्यांनी आधी मेल्डॉर्फ घेतलं आणि गावात कत्तल केली. १७ फेब्रुवारीला सैन्य मेल्डॉर्फहून हाइडेकडे निघालं. बर्फ वितळून रस्त्याचा राडा झालेला, दोन्ही बाजूंना चर. हेमिंगश्टेटजवळ शेतकऱ्यांचा म्होरक्या वुल्फ इझेब्रांड याच्या माणसांनी मातीचा मोर्चा उभारून वाट अडवली होती, आणि समुद्राकडच्या उघाड्या उघडून शेतांत पाणी घेतलं होतं. चिलखती घोडेस्वारांना अरुंद बांधावरून ना पुढे जाता येई, ना वळता येई. शेतकरी लांब काठ्यांवर टेकून चर ओलांडत आणि बगलेवर येत. अशी काठी टेकून उडी मारणं ही त्यांची रोजची शेतावर जायची रीत. राजाचं सैन्य बुडालं, निशाणही गमावलं. गनिमी काव्याच्या कथांवर वाढलेल्या मराठी माणसाला ही लढाई कोणी सांगितलेलीच नाही.

हे स्वातंत्र्य जून १५५९ मध्ये संपलं. त्या वेळीही मेल्डॉर्फवर हल्ला करून गाव घेतलं गेलं. मुलूख वाटला गेला, आणि १५८१ पासून दक्षिण भाग, मेल्डॉर्फसह, डेन्मार्कच्या राजाकडे राहिला. गावाने १५९८ मध्ये नगराचा दर्जाही गमावला, तो परत मिळाला १८७० साली. म्हणजे नीबूर इथे आला तेव्हा हे कायद्याने ‘शहर’ही नव्हतं. जर्मन बोलणाऱ्या गावावर डॅनिश राजा कसा, आणि जर्मन नीबूर डॅनिश नोकरीत कसा, ही दोन्ही कोडी इथे एकदम सुटतात.

नीबूरची नोकरी दक्षिण डिथमार्शनच्या ‘लांडश्रायबर’ची, म्हणजे आपल्याकडच्या फडणिसासारखी: वसुलीचे हिशेब, दप्तर, नोंदी. त्याने हे काम मागून घेतलं होतं, राजधानीत राहायची त्याला इच्छा नव्हती. पुढे १७८१ पासून बोये हा कवी-संपादक गावात मुख्य अधिकारी म्हणून होता, आणि त्याच्या घरात पुस्तकांचा राबता होता. नीबूरचा मुलगा बार्थोल्ड गेओर्ग दोन वर्षांचा असताना मेल्डॉर्फला आला, तिथल्याच १५४० साली स्थापन झालेल्या शाळेत गेला, आणि पुढे रोमच्या इतिहासाचा युरोपातला मोठा अभ्यासक झाला. पुराव्याची छाननी केल्याशिवाय दंतकथेला इतिहास म्हणायचं नाही, हा त्याचा आग्रह मोजणीदाराच्या घरातून आलेला आहे असं आम्हाला वाटतं.

तिसरी तक्रार: कापलेलं इंग्रजी पुस्तक मूळ म्हणून वापरलं जातं

आपल्याकडे नीबूरचे दाखले बहुधा १७९२ साली एडिंबरोत निघालेल्या रॉबर्ट हेरनच्या इंग्रजी आवृत्तीतून येतात. ती संक्षिप्त आहे. कापताना पहिल्यांदा जातात ती मापं, खगोलनिरीक्षणं आणि चित्रांचे खुलासे, म्हणजे आपल्याला हवं असलेलं नेमकं तेच. उरतो तो चालीरीतींचा मजकूर, आणि मग नीबूर ‘गमतीदार प्रवासी’ होऊन बसतो.

मूळ जर्मन दुसरा खंड १७७८ चा. मुंबई, घारापुरी, सुरत, मस्कत, इराण, इराक हे सगळं त्यात आहे. याच खंडात पर्सेपोलिस या इराणमधल्या प्राचीन राजधानीतल्या बाणाकृती (क्युनिफॉर्म) शिलालेखांच्या प्रती आहेत. तिथे तीन वेगळ्या लिप्या आहेत हे नीबूरने ओळखलं, सगळ्यांत सोप्या लिपीतल्या ४२ चिन्हांची यादी केली, आणि त्या प्रतींच्या आधारे ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने १८०२ मध्ये उलगड्याची पहिली पायरी चढली. जगात या खंडाला मान आहे तो पर्सेपोलिसच्या पानांमुळे. घारापुरीची पानं त्याच हाताने, त्याच प्रवासात, तीन-चार महिने आधी पुरी झालेली. त्यांचा मान राखणं हे तर आपलंच काम होतं.

ही पानं थेट जर्मनमधून मराठीत आणायला हवीत. काम करणाऱ्यांसाठी काही सूचना, कारण चुका ठरलेल्या जागी होतात.

छपाई जुन्या गॉथिक वळणाच्या टाइपात आहे. त्यात लांब ‘एस’ आणि ‘एफ’ हुबेहूब सारखे दिसतात, फरक फक्त मधल्या आडव्या रेघेचा. यंत्राने वाचून घेतलेला मजकूर इथेच फसतो. विशेषनामं हाताने तपासा.

नावं नीबूरने कानाने ऐकून जर्मन वळणाने लिहिली आहेत. जर्मनमध्ये ‘जे’चा उच्चार य, ‘डब्ल्यू’चा व, ‘व्ही’चा बहुधा फ, ‘झेड’चा त्स. इंग्रजी उच्चाराने वाचलं की ओळखीचं गाव अनोळखी होतं. आधी मोठ्याने वाचा, मग ओळखा.

माप ‘फूट’ दिसलं की थांबा. शंभर इंग्रजी फूट म्हणजे ३०.५ मीटर, शंभर डॅनिश फूट ३१.४, शंभर पॅरिस फूट ३२.५, आणि हॅम्बुर्गचे शंभर फूट जेमतेम २८.७. कोणता फूट ते न ठरवता मीटर लिहिले तर मंडपाच्या लांबीत तीन-चार मीटरची चूक सहज होते. ठरवायचं कसं? लेण्यात आजही जागची न हललेली दोन-तीन अंतरं घ्या, कोरीव खांबांमधली किंवा गाभाऱ्याच्या दारांमधली. ती स्वतः मोजा, आणि नीबूरच्या आकड्यांनी भागा. उत्तर सगळीकडे एकच आलं तर तोच त्याचा फूट.

रेखांशाचंही तसंच. ग्रिनिच हा शून्य रेखांश म्हणून १८८४ मध्ये ठरला. पॅरिसपासून मोजलेला आकडा ग्रिनिचचा समजला तर सव्वादोन अंशांहून जास्त चूक होते. शिवाय त्या काळच्या रेखांशाकडून अपेक्षा बेताची ठेवा. मायरच्या पद्धतीत चंद्राचं एखाद्या ताऱ्यापासूनचं कोनीय अंतर मोजतात, वातावरणातलं वक्रीभवन आणि चंद्राचा पराशय (पाहण्याच्या जागेमुळे दिसणारा सरकाव) वजा करतात, आणि तक्त्यावरून मूळ ठिकाणची वेळ काढतात. चंद्र तासाला अर्ध्या अंशाच्या आसपास सरकतो. त्यामुळे कोनात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली की रेखांशात सुमारे अर्ध्या अंशाची होते, आणि मुंबईच्या अक्षांशावर तेवढं म्हणजे पन्नासेक किलोमीटर. हे माहीत असलं म्हणजे त्याच्या आकड्यांत दिसणारा फरक निष्काळजीपणाचा नाही हे समजतं.

चौथी तक्रार: चित्रं शोभेपुरती वापरली जातात

नीबूरचं चित्र छापताना कडा कापतात, प्रमाणपट्टी उडवतात, तारीख लिहीत नाहीत. मग ते सजावटीचं चित्र होतं, पुरावा उरत नाही.

पुरावा म्हणून वापरायचं तर रीत अशी. पान पूर्ण, मूळ आकारात, निदान ४०० डीपीआयने स्कॅन करा. मग आरसा-तपासणी: तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून कोरणाऱ्याने ते आधीच उलटं कोरायला हवं, आणि कधीकधी ते राहून जातं. त्रिमूर्तीकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे अर्धनारीश्वर आणि उजवीकडे गंगाधर येतो. कोणत्याही जुन्या चित्रात हे उलट दिसलं तर आधी चित्र पलटा, मग निष्कर्ष काढा. त्यानंतर चित्र जिथून काढलं असेल तिथूनच, डोळ्याच्या उंचीवरून आजचा फोटो घ्या. दोन्हींवर तीन रंगांत खुणा करा: तेव्हा होतं आणि आज आहे, तेव्हा होतं पण आज नाही, तेव्हा नव्हतं पण आज आहे. तिसरा रंग खांबांसाठी लागेलच, कारण पडलेल्या काही खांबांच्या जागी नंतर नवे उभे केलेले आहेत.

एकट्या नीबूरवरून मात्र ‘हे पोर्तुगीजांनी मोडलं’ किंवा ‘हे नंतर मोडलं’ असा निकाल देऊ नका. निदान एक नंतरची नोंद शेजारी ठेवा. जेम्स बर्जेसने १८७१ मध्ये मुंबईत छापलेलं सविस्तर वर्णन यासाठी उपयोगी पडेल. नीबूर आला तेव्हा बेटावरचा दगडी हत्ती उभा होता. त्याचं डोकं आणि मान १८१४ मध्ये कोसळली, म्हणजे नीबूरच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. हलवण्याच्या प्रयत्नात १८६४ मध्ये तो फुटला, आणि तुकडे जोडून आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. लेण्यातल्या प्रत्येक मूर्तीची अशी तारीखवार हकिकत असायला हवी.

पाचवी तक्रार: सहलींच्या वाटेवर हा किनारा नाही

जर्मनीची सहल म्हणजे दक्षिणेचे डोंगर, किल्ले, ऱ्हाइन नदी आणि बर्लिन. हॅम्बुर्गपर्यंत कोणी पोचलं तरी पुढे जात नाही. पुढची वाट अवघड नाही. हॅम्बुर्गहून पश्चिम किनाऱ्याच्या रेल्वेने इट्झेहो आणि तिथून हाइडेच्या दिशेने, हाइडेच्या आधी मेल्डॉर्फ. एक दिवस पुरतो. सकाळी चर्च, मग १८७२ साली स्थापन झालेलं डिथमार्शनचं संग्रहालय आणि शेतीचं संग्रहालय, दुपारी बांधावर. लहान गावातली संग्रहालयं हंगामाप्रमाणे वेळा बदलतात आणि दुरुस्तीसाठी बंदही असतात, तेव्हा जागा राखून ठेवण्याआधी लेखी खात्री करून घ्या. बांधावर वारा जबर असतो, वयस्कर मंडळींना वाऱ्याचा कोट सांगा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून जा. ओहोटीला समुद्र मागे हटून मैलोगणती चिखल उघडा पडतो, आणि हा मुलूख काय चीज आहे ते तेव्हाच दिसतं. त्या चिखलात माहीतगाराशिवाय कोणालाही उतरू देऊ नका, पाणी मागच्या चरांतून आधी भरतं आणि परतीची वाट तुटते.

आमच्या मागण्या

१. मार्गदर्शकांनी घारापुरीच्या माहितीत चार वाक्यं वाढवावीत: १७६३-६४ मध्ये, बेट मराठ्यांकडे असताना, कार्स्टन नीबूर या जर्मन मोजणीदाराने डॅनिश मोहिमेतून येऊन लेणं मोजलं. बरोबरचा चित्रकार वाटेत वारल्यामुळे चित्रं त्याने स्वतः काढली. ती १७७८ मध्ये छापली गेली. त्याचं उरलेलं आयुष्य मेल्डॉर्फ गावी गेलं.

२. लेखकांनी आणि संपादकांनी ‘डॅनिश प्रवासी’ हे वर्णन थांबवावं, आणि नीबूरचा दाखला देताना तो जर्मन मूळातला की हेरनच्या संक्षेपातला हे लिहावं.

३. विद्यापीठांच्या इतिहास आणि जर्मन विभागांनी मिळून मुंबई-घारापुरी-सुरत ही प्रकरणं मूळ जर्मनमधून मराठीत आणावीत. ग्रंथ कधीचा स्वामित्वहक्काबाहेर आहे, परवानगीचा प्रश्नच नाही. जर्मन जाणणारा एक, शिल्प जाणणारा एक आणि मोजणी जाणणारा एक, एवढे तिघे लागतील. तिसरा वगळू नका, आतापर्यंत तोच वगळला गेला आहे.

४. चित्रं छापताना वा फलकावर लावताना पान पूर्ण ठेवावं, प्रमाणपट्टी कापू नये, वर्ष लिहावं.

५. सहल-संयोजकांनी हॅम्बुर्गला दोन मुक्काम असतील तिथे मेल्डॉर्फचा एक दिवस निदान पर्याय म्हणून ठेवावा, आणि जाण्याआधी प्रवाशांना घारापुरीची नीबूरने काढलेली पानं दाखवावीत.

यांपैकी जे कोणी काम हाती घेतील त्यांचा मजकूर, मापं आणि नावांचे उच्चार तपासून द्यायला आम्ही तयार आहोत, विनामूल्य. पहिलं पान घारापुरीच्या आराखड्याचं घ्यावं.

आपले,
जुने नकाशे आणि प्रवासनोंदी वाचणारे काही मराठी अभ्यासक